हरणाचं मुंडकं भिंतीवर लावायचंय? मग सुरी चालवायच्या आधी हे वाचा

दरवर्षी थँक्सगिव्हिंगचा आठवडा संपत आला की मला दोन-तीन फोन ठरलेले. "दादा, एट पॉइंट बक पडला, एखादा चांगला टॅक्सिडर्मिस्ट सांगा ना." (एट पॉइंट बक म्हणजे शिंगांना आठ टोकं असलेला नर, आणि टॅक्सिडर्मिस्ट म्हणजे त्याचं कातडं कमावून, साच्यावर चढवून भिंतीवर लावण्याजोगा माउंट करून देणारा कारागीर.) मी पहिला प्रश्न विचारतो, गळा कापलास का? पलीकडे जरा वेळ शांतता, मग हळूच उत्तर येतं, "हो, म्हणजे रक्त जायला पाहिजे ना..." संपलं. तिथेच अर्धा माउंट गेला. आपण लहानपणापासून बोकड कापताना बघितलेलं असतं, हाताला तीच सवय, आणि इथे नेमकी तीच नडते.

मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो, त्यामुळे पुढचं सगळं पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या, म्हणजे व्हाइटटेलच्या शोल्डर माउंटबद्दल आहे, मान-खांद्यासकट मुंडकं भिंतीवर लावतात ते. टेक्सास, मिशिगन, पेनसिल्वेनियात असाल तरी कापाकापी हीच, फक्त नियम आपापल्या राज्याचे बघा. आणि क्रम महत्त्वाचा आहे, लोक तो उलटा करतात. आधी टॅक्सिडर्मिस्ट ठरवायचा, मग शिकारीला जायचं.

१. आधी भिंत बघा, मग घरच्यांना विचारा

शोल्डर माउंट भिंतीपासून साधारण दीड-दोन फूट पुढे येतो. अपार्टमेंटच्या पॅसेजमध्ये लावलात तर रोज कुणाच्या तरी कपाळात शिंग. एक जुना पुठ्ठ्याचा खोका त्या मापाचा भिंतीवर चिकटवून आठवडाभर ठेवा, कळेल. हरणाची मान डावीकडे वळलेली हवी का उजवीकडे हेही भिंतीवरूनच ठरतं. त्याने खोलीत बघायला पाहिजे, कोपऱ्यात तोंड घालून रुसल्यासारखं नाही.

स्वयंपाकघराला लागून असलेली भिंत नको. आपल्या घरात रोज फोडणी होते, तेलाचा तो बारीक थर केसांवर बसतो आणि त्यावर धूळ चिकटते, मग काही केल्या निघत नाही. फायरप्लेसच्या वर सिनेमात छान दिसतं पण उष्णतेने कातडं वाळून शिवणीपाशी उकलायला लागतं. देवघरासमोर लावायचं का, यावर मी काही बोलणार नाही, ते तुमच्या घरात ठरवा. आमच्याकडे बेसमेंटवर तह झाला.

जागा नसेल किंवा बजेट नसेल तर युरोपियन माउंट करा, म्हणजे नुसती साफ केलेली कवटी आणि शिंगं. १०० ते २५० डॉलरमध्ये होतं, कातड्याची भानगड नाही, आणि खरं सांगायचं तर पहिल्या हरणाला मला तेच जास्त आवडतं.

२. टॅक्सिडर्मिस्ट शोधायचा तो सप्टेंबरच्या आत

गन सीझन, म्हणजे बंदुकीने शिकारीचा हंगाम, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, ९ दिवस चालतो, आणि त्या ९ दिवसांत या लोकांचे फ्रीझर गच्च भरतात. तेव्हा तुम्ही पिकअपमध्ये हरीण घेऊन दारात उभे राहिलात तर तो तुमच्याशी दोन मिनिटं बोलेल, पावती फाडेल आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळेल. उन्हाळ्यात गेलात तर निवांत काम दाखवतो.

दुकानात गेल्यावर काय बघायचं? फेसबुकवरचे फोटो नाही. भिंतीवरचा तयार माउंट घ्या आणि नाकाला नाक लावून बघा.

डोळे आधी. पापणी काचेला घट्ट टेकलेली पाहिजे, मध्ये फट नको. डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्यात अश्रूंची खाच असते ती नीट आत दाबलेली असली पाहिजे. दोन्ही डोळे एकाच दिशेला बघतायत का ते समोर उभं राहून बघा, चकणं हरीण मी स्वतःच्या डोळ्याने बघितलंय. मग कान. कानाच्या आत आधाराला प्लास्टिक किंवा पुटी असते, त्यापासून कातडं सुटून ढोलकीसारखं ताणलेलं असेल तर काम घाईचं. नाक ओलसर वाटावं, पण नेलपॉलिश फासल्यासारखं चमकू नये. शेवटी मानेच्या मागचे केस हाताने उलटे करून शिवण बघा, टाके जवळजवळ आणि सरळ रेषेत हवेत.

आणि एक गोष्ट कुणी विचारत नाही: "तीन-चार वर्षांपूर्वीचं काम आहे का दाखवायला?" नवा माउंट सगळ्यांचाच छान दिसतो. कातडं नीट कमावलेलं नसेल तर ते वर्षा-दोन वर्षांनी आक्रसतं, ओठ उघडतात, डोळ्यांभोवती भेगा पडतात.

तपासा: दुकानात सडका वास येतोय का. रसायनांचा, ओल्या कातड्याचा वास असणारच, पण सडल्याचा वास म्हणजे फ्रीझर आणि कामाचा मेळ बसत नाहीये. अनेक राज्यांत टॅक्सिडर्मिस्टला राज्याचा परवाना लागतो, विस्कॉन्सिनमध्ये तो डीएनआर, म्हणजे राज्याचं नैसर्गिक संपदा खातं देतं. बदकं वगैरे स्थलांतरित पक्षी द्यायचे असतील तर त्याच्याकडे फेडरल परवानाही पाहिजे. भिंतीवर लावलेला दिसला नाही तर सरळ विचारा, त्यात लाजायचं काय.

३. पैसे आणि पावती, आधीच बोलून घ्या

शोल्डर माउंटला साधारण ५०० ते १००० डॉलर पडतात, शहराजवळ त्याहून जास्त. निम्मे आधी, निम्मे नेताना. वेळ ८ ते १२ महिने सांगतात आणि बऱ्याचदा त्याहून जास्त लागतो. कुणी म्हणाला तीन महिन्यांत देतो तर खूश होऊ नका, आधी विचारा कातडं कसं कमावणार.

कातडं टॅन करणार, म्हणजे रीतसर कमावणार, की नुसती बोरॅक्सवाली पावडर चोळून वाळवणार, हा मुख्य प्रश्न आहे. पावडरने काम लवकर होतं, स्वस्तही पडतं, आणि काही लोक ते चांगलं करतातही, पण मी टॅनिंगवालाच घेतो. टॅनरीला बाहेर पाठवत असेल तर तिथेच काही महिने जातात, ते समजून घ्या.

घासाघीस करू नका. म्हणजे आपला स्वभाव आहे, एकदा विचारायला हरकत नाही, पण २०० डॉलर वाचवायला जो स्वस्तातला माणूस पकडाल तो तेवढेच तास कमी देईल. माझ्या एका मित्राने सगळ्यात स्वस्त माणूस शोधला, पूर्ण पैसे आधी दिले, आणि दोन वर्षं नुसते मेसेज. शेवटी मिळालं ते हरीण घोरपडीसारखं दिसत होतं.

पावतीवर हे लिहून घ्या: कुठली पोझ, मान कुठल्या बाजूला, टॅनिंग कुठलं, एकूण रक्कम, दिलेली रक्कम, अंदाजे तारीख, आणि केस गळले तर काय. हे शेवटचं फार महत्त्वाचं. केस गळाले तर दुसऱ्या हरणाचं कातडं घ्यावं लागतं आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे यावरून सगळी भांडणं होतात.

४. हरीण पडल्यावर: कुठे कापायचं नाही

आधी एक समजून घ्या. आत भुसा नसतो. माउंटमध्ये तुमच्या हरणाचं फक्त कातडं आणि शिंगांसकट कवटीची वरची वाटी असते. बाकी आत फोमचा तयार साचा, काचेचे डोळे, माती, गोंद. साचा सगळा झाकायला कातडं पुरलं पाहिजे आणि समोरच्या भागावर एकही शिवण येता कामा नये. एवढं डोक्यात बसलं की पुढचे नियम पाठ करायची गरज नाही.

सावधान, या चुका सुधारत नाहीत:

- गळा चिरायचा नाही. गोळी किंवा बाण छातीत लागलाय, रक्त आत वाहून गेलंय, पोट उघडल्यावर निघेल.
- पोट साफ करताना चीर छातीच्या हाडाच्या टोकाशी थांबवायची. पुढच्या पायांच्या मध्ये सुरी जाता कामा नये. श्वासनलिका काढायला बाही वर करून हात आत घाला, कोपरापर्यंत जाईल, आंघोळ नंतर करा.
- मानेला दोरी बांधून ओढायचं नाही, टांगायचंही नाही. केस घासून तुटतात आणि तो पट्टा कायमचा दिसतो. शिंगं धरून, पुढचा भाग जमिनीपासून उचलून ओढा, नाहीतर स्लेडवर घ्या.
- टॅग लावायला कानाला भोक पाडायचं नाही. शिंगाला बांधा.
- डोक्यात गोळी घालायची नाही, जखमी असलं तरी. कवटी फुटली की शिंगांचा कोनच जातो.

रक्त लागलं असेल तर कोरड्या कापडाने टिपून घ्या, विशेषतः गळ्याखालच्या पांढऱ्या केसांवरचं. साबण नको. आणि फोटो काढा, शिंगांचे चारही बाजूंनी आणि चेहऱ्याचे जवळून. हे फोटो नंतर दोनदा कामाला येतात.

५. केप, म्हणजे मान-खांद्याचं कातडं, काढणं

मांस प्रोसेसरकडे देणार असाल तर तिथे आल्या आल्या सांगा "हे माउंटचं आहे", पावतीवर लिहून घ्या, नाहीतर तो आपल्या सवयीने कापेल. स्वतः करणार असाल तर असं:

मागच्या पायांवर टांगा, डोकं खाली. पुढच्या पायांच्या बऱ्याच मागे, बरगड्यांच्या मध्यावर, अंगाभोवती गोल चीर द्या. बरगड्यांच्या मध्यावर म्हणजे खरंच मध्यावर, खांद्याला लागून नाही. लोकांना वाटतं एवढं कातडं कशाला, आणि ते खांद्यापाशी कापतात. जास्तीचं कातडं टॅक्सिडर्मिस्ट दोन मिनिटांत कापून टाकतो, कमी पडलेलं कुठून आणणार? आखूड केप ही त्यांची सगळ्यात जास्त तक्रार आहे, कुठल्याही दुकानात विचारा.

मग पुढच्या पायांना गुडघ्याच्या जरा वर गोल चीर, आणि तिथून पायाच्या मागच्या बाजूने वर जात ती अंगावरच्या गोल चिरेला मिळवा. मागच्या बाजूने, आतून छातीवरून नाही. आता स्वेटर डोक्यातून काढतो तसं कातडं खाली ओढत न्या, जिथे अडेल तिथे सुरीचं टोक हलकेच लावा, आणि कानांच्या मागे दोन-तीन इंच राहिलं की थांबा. तिथे मानेचं मांस गोल कापून कवटी आणि पहिल्या मणक्याचा सांधा शोधा, डोकं पिळलं की सुटतं. करवत लागत नाही.

चेहरा सोलायचा नाही. यूट्यूबवर दहा मिनिटांचा व्हिडिओ बघून पापण्या आणि ओठ सोलणारे लोक आहेत, मी हात जोडतो. मानेवरची मागची चीरही टॅक्सिडर्मिस्टवर सोडा. आणि शिंगं कवटीपासून कापू नका, कवटी अर्धी तर अजिबात करू नका. बून अँड क्रॉकेटच्या, म्हणजे मोठ्या शिंगांच्या नोंदी ठेवणाऱ्या क्लबच्या, रेकॉर्डला न्यायचं म्हणत असाल तर कवटी फोडलेली चालतच नाही, आणि शिंगं मोजायच्या आधी ६० दिवस वाळावी लागतात, तेव्हा ते टॅक्सिडर्मिस्टला आधी सांगा.

तपासा: केप जमिनीवर पसरा. पुढच्या पायांच्या काखा पूर्ण आहेत का, छातीवर मधोमध चीर नाही ना, काखेच्या मागे अजून निदान वीतभर कातडं आहे ना. तिन्हीला हो असेल तर पुढे.

६. थंड ठेवणं, इथे मी स्वतः आपटलोय

बो सीझन, म्हणजे धनुष्यबाणाने शिकारीचा हंगाम, सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि तेव्हा दुपारी चांगलं उकडतं. माझं पहिलं माउंट करायचं हरीण संध्याकाळी पडलं, मित्रांना दाखवायचं म्हणून रात्रभर गॅरेजमध्ये टांगलं, सकाळी कामावर गेलो, संध्याकाळी दुकानात नेलं. त्या म्हाताऱ्याने काही न बोलता कानाच्या मुळाशी अंगठा घासला आणि केसांचा पुंजका त्याच्या हातात आला. मला वाटलं थोडेच गेलेत. तो म्हणाला थोडे दिसतायत म्हणजे बाकीचे टॅनिंगमध्ये जातील.

याला ते हेअर स्लिप म्हणतात. कातड्याचा वरचा पापुद्रा जंतूंमुळे सुटतो आणि केस त्याच्याबरोबर येतात. उष्णता, ओल आणि वेळ, तिन्ही मिळाली की झालंच. कान, ओठ, डोळ्यांभोवती आणि पोटाकडचा भाग आधी जातो. म्हणून:

त्याच दिवशी दुकानात न्या. हे जमलं तर बाकी काही वाचायची गरज नाही. नसेल जमत तर केप आधी सावलीत वारा लागेल अशी पसरून तिच्यातली ऊब जाऊ द्या, मग मांसाची बाजू मांसाच्या बाजूवर दुमडून डोक्याकडे गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये. गरम कातडं तसंच पिशवीत कोंबलं तर फ्रीझरमध्येसुद्धा आतला भाग तासन् तास ऊबदार राहतो. शिंगांमुळे झाकण लागत नाही हे आधीच लक्षात घ्या, नाहीतर रात्री अकरा वाजता मटार, कोकम आणि सासूबाईंनी पाठवलेल्या पुरणपोळ्या बाहेर काढून बसाल.

प्रवासात बर्फ थेट कातड्यावर टाकू नका, वितळलेल्या पाण्यात केप भिजत पडते. पाण्याच्या बाटल्या गोठवून त्या कूलरमध्ये आजूबाजूला लावा.

सावधान: मीठ लावू नका. आपल्याला वाटतं खारवलं की टिकतं, मासे टिकतात तसं. पण डोकं आत असताना मीठ कान-ओठांपर्यंत पोचत नाही, आणि मीठ लावलेलं कातडं फ्रीझरमध्ये नीट गोठत नाही. म्हणजे दोन्हीकडून गेलं. एक तर मीठ, नाहीतर फ्रीझर, आणि मिठाचं काम टॅक्सिडर्मिस्टचं.

७. सीडब्ल्यूडी आणि कागदपत्रं

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा मेंदूचा रोग, १९६७ मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा लक्षात आला, विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये सापडला. यामुळे मेंदू आणि मणका असलेले भाग एका भागातून दुसऱ्या भागात, किंवा राज्याबाहेर न्यायला निर्बंध आहेत. काही ठिकाणी ठरावीक तासांत टॅक्सिडर्मिस्टकडे पोचवलं तर चालतं. शेजारच्या राज्यात शिकार करून मुंडकं घरी आणणार असाल तर दोन्ही राज्यांचे नियम निघायच्या आधी वाचा, दंड तुमच्या नावावर येतो.

तपासणीसाठी घशातल्या लसिका गाठी काढतात. इथे एक चूक सर्रास होते: माणूस चांगला नागरिक म्हणून मुंडकं तपासणीच्या किऑस्कमध्ये टाकतो, आणि मग माउंट कशाचा करणार? माउंटचं हरीण तिथे टाकायचं नाही. बरेच टॅक्सिडर्मिस्ट केप न बिघडवता नमुना काढून देतात, आधी फोन करून विचारा. रिझल्ट येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये ठेवा, मटणाच्या रस्स्याची घाई करू नका. पॉझिटिव्ह आलं तर ते खायचं नाही.

विस्कॉन्सिनमध्ये हरीण पडल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत रजिस्टर करावं लागतं. तो कन्फर्मेशन नंबर लिहून ठेवा, दुकानदार मागतो.

८. दुकानात देताना

टॅक्सिडर्मिस्टने तुमच्यासमोर मापं घेतली पाहिजेत: नाकाच्या टोकापासून डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत, आणि कानांच्या मागे मानेचा घेर. यावरून साचा निवडतात. नोव्हेंबरात माजावर आलेल्या नराची मान फुगलेली असते, तेव्हा सप्टेंबरच्या मापाचा साचा घातला तर कातडं लोंबेल. मान आधीच सोललेली असेल तर फोटो दाखवा. शिंगांवर तुमच्या नावाचा टॅग तुमच्यासमोर लागला पाहिजे.

मग घरी जा. महिन्यातून एकदा फोन पुरे, दर आठवड्याला "भाऊ झालं का" नको. दिलेली तारीख उलटली तर मात्र लेखी विचारा.

९. नेताना पाहणी

उरलेले पैसे द्यायच्या आधी, उजेडात. शिंगं तुमचीच आहेत ना, फोटोशी जुळवा. डोळे, कान, शिवण, वर सांगितलं तेच. केस हलके उलटे-सुलटे करा, टक्कल पडल्यासारखी जागा रंगाने झाकलेली नाही ना. मागची लाकडी पाटी आणि हूक हलवून बघा. काही खटकलं तर तिथेच शांतपणे सांगा, चांगला माणूस दुरुस्त करून देतो.

लगेच ऑनलाइन तिखट रिव्ह्यू टाकू नका, पण गप्प घरी येऊन वर्षभर कुरकुरूही नका.

१०. घरी, आणि गावी न्यायचं डोक्यात असेल तर

गावी न्यायचं डोक्यातून काढा. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, परदेशी प्राण्याचे भाग आणायला परवानग्या लागतात, बॅगेत घालून मुंबई विमानतळावर उतरलात तर कस्टमवाले फुलं देणार नाहीत. आणि काकांच्या वाड्यातलं पणजोबांच्या काळचं सांबराचं मुंडकं "इथून रिपेअर करून आणतो" म्हणून इकडे आणायचा विचारही नको. तिथे अशा वस्तूला मालकीचा दाखला लागतो, तो आहे का ते आधी काकांना विचारा.

इथल्या भिंतीवर लावताना लाकडी स्टडमध्येच, म्हणजे भिंतीच्या आतल्या उभ्या खांबात, स्क्रू घ्या, नुसत्या ड्रायवॉलमध्ये नाही. थेट ऊन नको, वर्षभरात केस फिकट पडतात. डांबराच्या गोळ्या शिंगाला टांगून उपयोग नाही, त्या बंद कपाटात चालतात, उघड्या खोलीत नुसता वास. त्यापेक्षा दर दोन-तीन महिन्यांनी केसांच्या मुळाशी आणि कानांत टॉर्च मारून बघा, खाली भिंतीशी बारीक भुसा किंवा तुटलेले केस पडलेले दिसले तर कसर लागलीय, लगेच टॅक्सिडर्मिस्टला फोन.

धूळ मऊ ब्रशने, केस ज्या दिशेला वळलेत त्याच दिशेने. डोळ्यांसाठी काच पुसायचा स्प्रे कापसाच्या काडीवर घ्यायचा आणि नुसती काच पुसायची. थेट डोळ्यावर मारला की पापणीचा रंग उतरतो, आमच्या बेसमेंटमधला डावा डोळा बघायला या.